बिनखताचा पट्टा

बाबांच्या रक्तात युरिया फार वाढलाय, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा बाबा हसले. डॉक्टर गांगरले. समोरच्या माणसाने अख्खी नोकरी युरिया खपवण्यात घालवली आहे हे त्यांना कुठून माहीत असणार? "म्हणजे आमचाच माल," बाबा म्हणाले. तसं ते खरंच होतं. शेतात टाकतात तो आणि रक्तात साठतो तो, रसायन एकच. शरीराला नको असलेला नायट्रोजन मूत्रपिंडं युरियाच्या रूपाने बाहेर टाकतात, आणि बाबांच्या मूत्रपिंडांनी ते काम सोडून दिलं होतं. परळच्या त्या ओपीडीतून बाहेर पडल्यावर आई म्हणाली, "कुठे हसावं तेसुद्धा कळत नाही यांना." मी टॅक्सी शोधायच्या निमित्ताने पुढे चालायला लागले, कारण मला रडू येत होतं आणि आईसमोर रडलं की तिलाच माझी समजूत काढावी लागते.

बाबा लालबागमध्ये वाढले. शेती म्हणजे साताऱ्याकडच्या गावी सुट्टीत दिसायची तेवढीच. खताच्या एका कारखान्यात ते कारकून म्हणून लागले, आणि बोलणं चांगलं म्हणून साहेबांनी त्यांना फिरतीवर धाडलं. काम होतं प्रात्यक्षिकं घ्यायचं. गावात रस्त्याकडेचं एक शेत निवडायचं, त्यात शेजारी शेजारी दोन पट्टे आखायचे. एकाला युरिया द्यायचा, दुसऱ्याला काहीच नाही. मधे खुंटी ठोकून पाटी लावायची आणि निघून यायचं. काही आठवड्यांनी परत जायचं तोवर सगळा गाव ते शेत बघून गेलेला असायचा. एक पट्टा गडद हिरवा, कमरेएवढा. दुसरा फिका आणि खुरटलेला. "मला तोंड उघडावं लागायचं नाही," बाबा सांगायचे. कोणी उत्साही शेतकरी म्हणायचा, साहेब, तो पट्टा रिकामा का ठेवता, त्यालाही टाका की. बाबा ऐकायचे नाहीत. बिनखताचा पट्टा राहिलाच पाहिजे, तो नसेल तर कशाने काय झालं ते मागाहून कोणालाच सांगता येत नाही, हे वाक्य मी लहानपणी जेवताना इतक्या वेळा ऐकलंय की मला ते पाढ्यांच्या आधी पाठ झालं असेल.

घरातही युरिया असायचाच. गॅलरीत, लोणच्याच्या जुन्या बरणीत. त्यातला चमचा चमचा आमच्या तुळशीला, कढीपत्त्याला, शेजारणीच्या गुलाबाला. चाळीत कोणाचं रोप सुकलं की ते आमच्या दारात यायचं. बाबा त्याला खत घालायचे, आठवड्याभरात पानं तरारायची, आणि ती बाई वाटीतून काहीतरी गोडधोड घेऊन यायची. पुढे ते रोप बहुतेक वेळा मरायचं, पण तोवर वाटी परत गेलेली असायची. चाळ पाडून टॉवर झाला, आम्ही करी रोडच्या त्याच जागेवर पुष्कळ उंचावर राहायला गेलो, आणि ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या मागे ती बरणीही आली.

मी शेतीचं रसायनशास्त्र शिकले ते त्यांच्यामुळे, आणि शिकून त्यांच्याच विरोधात गेले. माझं ऑफिसही परळलाच. गिरणीच्या जागेवरची काचेची इमारत, आत इतका थंडावा की मे महिन्यात स्वेटर लागतो. तिथे स्वेटर घालून मी शेतकऱ्यांच्या मोबाइलवर संदेश पाठवते: आता युरिया टाकू नका. माझं सगळं काम या एका वाक्यात आलं. आपण शेतात जो नायट्रोजन घालतो त्यातला निम्म्याहून कमी पिकाच्या अंगी लागतो. उरलेला जातो कुठे? काही अमोनिया होऊन हवेत उडतो. काही नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली झिरपतो आणि विहिरीत उतरतो. थोडा असा वायू होतो की तो हवामान तापवण्यात कार्बन डायऑक्साइडला कितीतरी मागे टाकतो. आणि हे सगळं बनवायला कारखान्यात गॅस जाळलेला असतो, तो वेगळाच. पिकाला हवं तेव्हा, हवं तेवढं, हप्ते पाडून द्या, असं मी वर्षानुवर्षं सांगतेय.

बाबांना हे पटायचं नाही. "लोकांची पोटं भरली ती काय तुझ्या मेसेजवर?" ते विचारायचे. ते खोटं नव्हतं, पोटं युरियानेच भरली. मी म्हणायचे, तेव्हाची जमीन उपाशी होती बाबा, आता ती आजारी आहे. ते म्हणायचे, आजारी माणसाला जेवण तोडतात का? एकदा मी पानांच्या रंगाची पट्टी घरी आणली. प्लॅस्टिकची पट्टी, तिच्यावर फिक्यापासून गडदपर्यंत हिरव्या छटा. भाताचं पान तिच्यावर धरायचं, छटा फिकी दिसली तरच युरिया द्यायचा. बाबांनी चष्मा वर करून ती पाहिली आणि आईला हाक मारली, "अगं, हिंदमाताला मॅचिंग ब्लाउज बघायला ही उपयोगी पडेल, ठेव." आई हसली. मीही हसले, पण मला राग आला होता. मला आयुष्यात फार कमी गोष्टी हव्या होत्या आणि त्यातली एक ही, की या माणसाने एकदा तरी म्हणावं, बरोबर आहे तुझं.

माझं तरी कोण ऐकत होतं म्हणा. एका शेतकऱ्याने फोनवर मला सांगितलं, "मॅडम, तुमचं सगळं पटतं. पण बांधापलीकडं शेजाऱ्याचं रान काळंभोर हिरवं आणि माझं पोपटी, घरची बाई रोज टोमणा मारती. तिला कोण समजावणार?" त्याने दोन पोती जास्तच टाकली. एका गावी आम्ही विहिरीचं पाणी तपासलं. त्यात नायट्रेट इतकं होतं की तान्ह्या बाळांना ते द्यायलाच नको होतं. मी तसं सांगितल्यावर सरपंचबाईंनी मला त्याच विहिरीच्या पाण्याचा चहा दिला. पाणी नितळ, चव चांगली. नायट्रेटला रंग नसतो आणि वासही नसतो. "आम्ही उकळून देतो की बाळांना," त्या म्हणाल्या. उकळल्याने ते जात नाही, पाणी आटतं तसं उलट वाढतं, असं मी म्हटलं, तेव्हा त्या माझ्याकडे दयेने बघत राहिल्या. येताना मी गाडीत झोपून गेले. अशा दिवसांनंतर मला नेहमी झोप येते.

डायलिसिस सुरू झाल्यावर घराचं वेळापत्रक त्या मशीनभोवती फिरायला लागलं. आठवड्यातून तीनदा परळ. हातात जाड सुया, चार-चार तास छताकडे बघणं, घरी आल्यावर अंग मोडून येणं. पाणी मापून, वरण मापून, कारण डाळीतही नायट्रोजनच. पहिल्या वर्षी बाबा तिथल्या तंत्रज्ञाला प्रात्यक्षिकांच्या गोष्टी सांगायचे. दुसऱ्या वर्षी गोष्टी बंद झाल्या. मशीनवर असतानाच रक्तदाब खाली जायचा, पायांत गोळे यायचे, आणि घरी आणल्यावर ते दुसऱ्या दिवसापर्यंत भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मग परत जायची वेळ व्हायची.

भाद्रपद संपत आला असताना त्यांनी आम्हाला दोघींना समोर बसवलं आणि सांगितलं की आता पुरे. डॉक्टरांशी ते आधीच बोलले होते. डॉक्टरांनी त्यांच्यापासून काही लपवून ठेवलं नव्हतं. हृदयही थकलं होतं, मशीनने दिवस मिळत होते, बरं काही होणार नव्हतं. मी चिडले, ओरडले, इंग्रजीत काहीबाही बोलले. आईने माझं ओरडणं संपू दिलं. मग ती म्हणाली, "माझी एक अट आहे. घट बसू दे. धान चांगलं आलं, तर तुम्ही मशीन सोडायचं नाही. नाही आलं, तर मी एक शब्द बोलणार नाही."

आमच्याकडे नवरात्रात घट बसतो. टोपलीत काळी माती, तिच्यात गहू पेरायचे, मधे कलश, रोज एक माळ. दसऱ्यापर्यंत गव्हाचे कोंब, म्हणजेच धान, उंच, दाट आले तर वर्ष चांगलं जाणार. बाबांचा देवावर फारसा विश्वास नव्हता, पण घटावर होता. ती बियाणं तपासायची जुनी रीत आहे, पेरणीआधी कोणाचं बी उगवतंय ते कळायचं, असं ते म्हणायचे. त्यांनी आईकडे बघितलं आणि म्हणाले, "चालेल. बी चांगलं आण मात्र." मला वाटलं त्यांनी मुद्दामच हो म्हटलं. गहू उगवतोच. टोपलीत टाकलेला गहू न उगवायला झालंय काय? त्यांना आईसाठी माघार घ्यायची होती आणि ही वाट बरी होती, असं मी धरून चालले. अजूनही मला तसंच वाटतं, निदान बहुतेक वेळा.

माती दादरच्या फुलबाजाराबाहेरून आणली, पिशवीत भरून विकतात ती. गहू आईने स्वतः निवडले, एकेक दाणा बोटांनी चाचपत. तिसऱ्या माळेला पांढरे कोंब वर आले. बाबा मशीनवर जाऊन आले की टोपलीसमोर खुर्ची टाकून बसायचे. त्यांचा चेहरा जरा उजळला होता, की मलाच तसं बघायचं होतं, कोण जाणे. आई मात्र अस्वस्थ होती. खालच्या मजल्यावरच्या वहिनींचा घट आमच्याहून बोटभर उंच आला होता आणि हे ती दिवसातून अनेकदा सांगायची. "अगं, त्यांनी गरम पाण्यात भिजवले असतील," मी म्हणायचे. "आपलं धान मागे पडतंय," ती म्हणायची.

सहाव्या माळेला सकाळी मी फुलं ठेवायला वाकले आणि मला वास आला. तो वास मला झोपेतही ओळखता येतो. नाकात चढणारा, डोळ्यांना झोंबणारा, बंद मुतारीसारखा. अमोनिया. घटाचे कोंब सावलीत वाढतात म्हणून पिवळट असतातच, त्याचं काही नाही. पण त्यांची टोकं तांबूस होऊन मुरडली होती. मातीवर अजून काही पांढरे दाणे विरघळायचे राहिले होते. मी सरळ ड्राय बाल्कनीत गेले. वॉशिंग मशीनच्या मागची बरणी पुढे आलेली होती आणि तिचं झाकण नीट लागलेलं नव्हतं.

आई स्वयंपाकघरात भगर निवडत होती. मी दारात जाऊन उभी राहिले.

"मूठभरच टाकलं," ती वर न बघता म्हणाली.

"आई, मूठभर? त्या एवढ्याशा टोपलीत?"

"मग किती टाकायचं? मला कोणी सांगितलंय का कधी किती ते? या घरात लग्न होऊन आल्यापासून एकच ऐकत आलेय, युरिया घातला की वाढतं. तुझ्या बाबांनी गावंच्या गावं हिरवी केली. आपल्या एका टोपलीला मी घातलं तर काय बिघडलं?"

काय बिघडलं हे मी तिला समजावून सांगितलं. माझी सवयच ती. ओल्या मातीत युरियाचा अमोनिया होतो, कोवळी मुळं त्याने भाजतात, आणि जे उडून जातं ते वासाने कळतं. तिने सगळं ऐकून घेतलं. मी शेतकऱ्यांशी बोलताना जसा आवाज काढते तसा आवाज मी माझ्या आईशी बोलताना काढत होते. मग ती म्हणाली, "आता पाणी जास्त घातलं तर धुऊन जाईल का?" आम्ही दोघींनी मिळून टोपलीतून हळूहळू पाणी जाऊ दिलं, खाली परात धरून. गढूळ पाणी बेसिनमध्ये ओतलं. ते कुठे जाणार हेही मला माहीत होतं, गटारातून समुद्रात, आणि समुद्रातही त्याचं कोणाला काही काम नव्हतं. कोंब आणखीच लोळले.

"दादरला तयार घट मिळतात," मी म्हटलं. "मी ऑफिसमधून येताना घेऊन येते. टोपली बदलू. बाबांना कळणार नाही."

आईने माझ्याकडे असं बघितलं की मी आयुष्यात विसरणार नाही. "एकदा फसवलं देवीला," ती म्हणाली, "ते बघतेस ना? आणखी फसवू?" आणि तिने परात घासायला घेतली.

मधल्या दिवसांत बाबा टोपलीजवळ बसले नाहीत. गळून गेले होते, आतल्या खोलीतच पडून असायचे. आई रोज माळ बांधायची. जळलेल्या कोंबांवर ताज्या झेंडूची माळ. मी ऑफिसला जायचे आणि संदेश पाठवायचे.

दसऱ्याला सकाळी बाबा स्वतः उठले. अंघोळ करून, पूजेची टोपी घालून, भिंतीला हात लावत बाहेर आले. आमच्याकडे घट उठवला की कोंब खुडून देवाला वाहतात, मग पुरुष टोपीत खोचतात आणि बायका केसांत. बाबा पाटावर बसले. टोपलीत एका बाजूचे थोडे कोंब उभे होते, बाकी सगळं तपकिरी, मातीला चिकटलेलं. त्यांनी चिमटीत धरून एक कोंब ओढला. तो मुळासकट आला नाही, मधेच तुटला. त्यांनी माती बोटांत चोळली आणि बोटं नाकाशी नेली. आई माझ्या शेजारी उभी होती. तिने माझं मनगट धरलं.

"अगं," बाबा आईला म्हणाले, अगदी मऊ आवाजात, "दाण्यात त्याची शिदोरी असते. एवढ्याशा रोपाला बाहेरचं काही लागतच नाही. त्याला भूकच नव्हती."

आई खाली बसली. "मग हा काही देवीचा कौल नव्हे," ती घाईघाईने म्हणाली. "मी बिघडवलं ते. मी. धान चांगलंच येत होतं, विचारा हिला. त्यामुळे अट मोडली. तुम्ही उद्या जायचंय मशीनवर. ऐकलंत?"

बाबांनी हातातला तुटका कोंब टोपलीत ठेवला. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. "तू काय सांगतेस तुझ्या शेतकऱ्यांना? एका हद्दीनंतर घातलेलं पिकाला लागत नाही, नुसतं वाया जातं. असंच ना?"

मी मान हलवली.

"बरोबर आहे तुझं," बाबा म्हणाले. "मलाही आता लागत नाही गं."

किती वर्षं थांबले होते मी त्या शब्दांसाठी. आणि मी काय केलं, तर तिथल्या तिथे उलटी फिरले. म्हटलं, नाही बाबा, तसं नसतं, मी अर्धवट सांगते लोकांना. घालायचं बंद करा असं मी कधीच म्हणत नाही. प्रमाण बदलायचं, वेळ बदलायची, हप्ते पाडायचे. डॉक्टरांशी बोलू, तीनाऐवजी दोनदा करू, वेळ कमी करू, सुई दुसऱ्या हाताला लावू. माझ्या तोंडून सगळे संदेश एकामागून एक बाहेर पडत होते आणि मला थांबता येत नव्हतं. बाबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. माझं बोलणं मधे न तोडता त्यांनी असं पूर्वी कधी ऐकलं नव्हतं.

"हप्ते उभ्या पिकाला पाडतात," ते म्हणाले.

मग त्यांनी बाजूचे जे चार बरे कोंब होते ते खुडले. दोन आपल्या टोपीत खोचले, दोन आईच्या केसांत. त्यासाठी आईने मान खाली केली. नंतर त्यांनी वरण मागितलं, वाटीभर, न मापता, वर लिंबू पिळून. आईने कुकर लावला.

दिवाळीच्या आधी बाबा गेले. मशीनवर ते परत गेले नाहीत. शेवटचे दिवस त्यांना गुंगी असायची आणि श्वासाला तोच वास यायचा, टोपलीला आला होता तो. डॉक्टर म्हणाले, असं होतं. ते मलाही माहीत होतं.

मी अजून त्याच ऑफिसात आहे. पावसाळ्याआधी संदेश जातात, पावसाळ्यात युरियासाठी रांगा लागतात, विहिरी आहेत तशा आहेत. आता मी कोणाशी वाद घालत नाही. कोणी म्हणालं, मॅडम, थोडा जास्त टाकला तर काय बिघडतं, तर मी जे सांगायचं ते सांगते आणि फोन ठेवते.

आई आता घट बसवत नाही. मात्र नवरात्र जवळ आलं की जेवताना ती मला विचारते, आणि दर वेळी पहिल्यांदाच विचारत असल्यासारखी विचारते, "मी ते टाकलं नसतं, तर गेले असते ना गं ते मशीनवर?" मी म्हणते, नाही आई, त्यांचं ठरलेलंच होतं. तिला खरं वाटत नाही. मला तरी कुठे वाटतं? बाबांनी मला हे लहानपणीच शिकवलं होतं की शेजारी बिनखताचा पट्टा ठेवलेला नसेल, तर कशाने काय झालं ते मागाहून कोणालाच सांगता येत नाही. आमच्याकडे टोपली एकच होती.